सगळ्या गावाचा धर्मबाप

किन्सा मोल्ये, शनिवार सकाळ

परमपूज्य एवारिस्तो मामा,

तुमच्या चरणी इलारियोनचा एका गुडघ्यावरचा नमस्कार. (दुसरा गुडघा सध्या टेकत नाही. कारण पुढे येईल, आणि तुम्हाला ते आवडेल.) तुमचं पित्त कसं आहे? ओब्दुलिया मामींचा खोकला गेला का? निवृत्तीनंतर चिचा (आपली मक्याची दारू) पीत पितळी बेडकाच्या तोंडात चकत्या फेकायच्या खेळाचा तुमचा रविवारचा नेम अजून चालू असेलच. तो मोडेल अशी कुठलीही आपत्ती पुनाता शहरावर येऊ नये, ही प्रार्थना. इकडे सर्व कुशल आहे. म्हणजे मी तितकासा कुशल नाही, पण शाळा कुशल आहे. आजवर मी हे नेहमी उलट लिहायचो.

त्याचं असं झालं. जिल्ह्याच्या कचेरीतून फर्मान आलं की शाळा आणि घर यांच्यात विश्वासाचं नातं जोडावं आणि जोडल्याचा फोटो पाठवावा. मी मुख्याध्यापक, सांगितलं ते करणारा माणूस. सभा बोलावली. आले ते गैरहजेरीचा दंड चुकवायला आले. दंड चुकवायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर विश्वास शोधणं म्हणजे दात उपटायला आलेल्यांत कोण हसतंय ते बघण्यासारखं. आमच्या पालक मंडळाचे अध्यक्ष तेओदोसिओ तर तुम्हाला माहीतच आहेत, ते बटाट्याचे व्यापारी, मिशीवाले. शिक्षक वेळेवर येतात की नाही हे बघायचा पालकांना हक्क आहे, आणि तो हक्क ते रोज सकाळी फाटकात उभे राहून, हातातल्या घड्याळासकट बजावतात. "दोन मिनिटं उशीर, प्रोफे." बस, मास्तराशी एवढंच बोलतात. एकदा घरी येऊन मी रोजनिशी लिहायला बसलो तर लक्षात आलं की उशीर दोन नव्हे, तीन मिनिटांचा होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तसं सांगितलं. तेव्हापासून त्यांचा ग्रह झाला की या माणसाच्या डोक्यात काहीतरी सैल आहे. विश्वास वाढवण्याचा हा माझा पहिला प्रयत्न.

फर्मान गेलं खड्ड्यात, मामा, मला चिंता होती ती निएवेसची. आमची शाळा सहावीला संपते, आणि ही मुलगी सहावीत बसून माझ्याच गणितातल्या चुका काढते. (आधी हळू आवाजात काढायची. आता हात वर करून काढते.) पुनाताच्या शाळेच्या वसतिगृहात तिचं नाव या महिन्याअखेर घातलं नाही, तर ती आईबरोबर कायमची कांद्याच्या ढिगामागे बसणार. म्हणून मी तिच्या घरी गेलो. तिची आई सेवेरिना मका सोलत बसली होती. तिने मला चांगलं स्टूल दिलं. तिथेच मी ओळखलं की काम कठीण आहे, कारण आपल्या माणसाला आपल्याकडे पोत्यावर बसवतात. मी शिक्षणाचे फायदे सांगितले, उज्ज्वल भविष्य सांगितलं, माझ्याच कानांना ते एखाद्या औषधविक्याचं भाषण वाटायला लागलं तरी सांगत राहिलो. बाई शांतपणे कणसं सोलत होती. मग म्हणाली, "माझ्या बहिणीलाही नेलं होतं, प्रोफे. कासिल्दाला. तुमच्या आधीच्या एका बाई होत्या, म्हणाल्या शहरात शिकवते. चार वर्षं भांडी घासली पोरीने त्यांच्याकडे. परत आली तेव्हा सही येत नव्हती. पातेल्यात तोंड दिसेल इतकं मात्र लख्ख करायची."

मी म्हटलं, मी तसा नाही. ती म्हणाली, "नसालही. पण तुम्ही आमचे कोण?"

तेवढ्यात कणसांच्या ढिगातून तिचा धाकटा अदालिद बाहेर आला. तीन वर्षांचा, केस पार डोळ्यांवर. जावळ राहिलंय, कारण पहिली बट धर्मबापाने कापायची, आणि ठरलेला धर्मबाप कामाला म्हणून अर्जेंटिनात गेला तो तिकडेच रमला. आणि मी (कुठून बळ आलं कळत नाही) म्हणालो, "मी होईन याचा धर्मबाप."

बाईने पहिल्यांदाच कणीस खाली ठेवलं.

आता मुलाचं जावळ करून त्याच्या बहिणीला वसतिगृहासाठी मिळवणं, ही लाच झाली का? लाचेत देणारा एक आणि घेणारा दुसरा असतो हे ठाऊक होतं, पण इथे तर देणाराही मी आणि घेणाराही मीच. रोजनिशीत मी यावर भरपूर लिहिलं. निष्कर्षाला पोचायच्या आत समारंभ उरकून गेला होता. अदालिदच्या केसांच्या बटा रंगीत फितींनी बांधल्या होत्या, पहिली बट मी कापली, ताटात नोट ठेवली, पोरगं कोकललं, सगळं रीतसर. मग चिचा आली. पहिले थेंब धरणीमातेला देतात. मी जरा सढळ हाताने देत होतो तर सेवेरिना सगळ्यांदेखत म्हणाली, "कोंपाद्रे, धरणीला एवढी तहान लागलीये, की तुम्हाला चुकवायचंय?" झालं. प्रोफेचा मी कोंपाद्रे, म्हणजे मुलाच्या आईबापाचा धर्मभाऊ झालो, आणि कोंपाद्रेला वाडगा उपडा करून दाखवावा लागतो. चौथ्या वाडग्यानंतर मी रुमाल फिरवत नाचलो म्हणे. गुडघ्याला आठवतंय, मला नाही.

एका घराचा धर्मबाप झाल्यावर दुसऱ्या घराला नाही कसं म्हणायचं? (मी विचार केला होता, नाही म्हणण्याला एकही सभ्य कारण सापडलं नाही.) मग (आपल्याकडे वस्तूंनाही धर्मबाप लागतो) मी एका घराच्या नव्या छताचा धर्मबाप झालो, शेजाऱ्याने दार बसवलं तर त्याच्या दाराचा, पोरांच्या गोलच्या जाळीचा, एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकचा, आणि शेवटी खुद्द तेओदोसिओंच्या नव्या ट्रकचा. ट्रकच्या बंपरवर बाटली फोडताना काच माझ्याच कोटात गेली, पण ट्रक निघाला शुभशकुनाचा. दुसऱ्या दिवशी फाटकात अध्यक्ष घड्याळाकडे बघून म्हणाले, "कोंपाद्रे, आज माझं घड्याळच पुढे आहे वाटतं." मी म्हटलं, नाही हो, घड्याळ बरोबर आहे, मीच उशिरा आलो. ते नुसतेच उसासले.

आणि मग मामा, दंडाशिवाय लोक शाळेत यायला लागले! कोंपाद्रेच्या घरी जायला परवानगी लागते थोडीच. अपूर्णांक चालू असताना एखादी कोमाद्रे, म्हणजे धर्मबहीण, उकडलेले बटाटे घेऊन मागच्या बाकावर येऊन बसणार आणि म्हणणार, "मोठ्याने बोला की, इथे काही ऐकू येत नाही." दुसरी मधल्या सुट्टीत माझा स्वेटर काढून धुवायला घेऊन गेली (विचारलं नाही, त्याला वास येत होता म्हणे). पण त्याचबरोबर मला हेही कळलं की ज्या पोराला मी अहवालात 'आळशी' लिहीत होतो, त्याच्या घराची शेताला पाणी द्यायची पाळी पहाटेची असते आणि पाणी तोच देतो. मी तो शब्द खोडला. कोणत्या अधिकाराने लिहिला होता, हेच आता कळत नाही.

इथवर गोड होतं. मग परीक्षा झाली, आणि तेओदोसिओंचा रुफिनो गणितात नापास झाला. थोडाथोडका नाही, निर्मळ नापास. संध्याकाळी अध्यक्ष काखेत जिवंत कोंबडा घेऊन दारात उभे. मी विचारलं, हा कशाबद्दल? "सहज." बरं, बसा. "पोरगंही तसंच सहज पास करून टाका, कोंपाद्रे." कोंबडा माझ्याकडे असा बघत होता की जणू त्यालाही निकालात रस होता. मामा, आपल्या खोऱ्यात कोंपाद्रेला नकार म्हणजे काय ते तुम्ही जाणता. मला वाटलं, जाऊ दे, एका पोराचा एक आकडा. मग वाटलं, ट्रकच्या धर्मबापाने असं केलं तर चालेल, पण पोराच्या मास्तराने? मी नाही म्हटलं. रोज दुपारी रुफिनोला घेऊन बसतो, तुम्हीही बसा, असंही म्हटलं. ते उठले, कोंबडा उचलला आणि सभा बोलावली.

सभेला अख्खं गाव आलं. कचेरीला हवा होता तसा फोटो अखेर मिळाला असता: सगळे पालक शाळेत, आणि सगळे माझ्यावर ओरडताहेत. तेओदोसिओ म्हणाले, "हा माझ्या ट्रकचा धर्मबाप! ट्रक पळतोय, पोरगं मात्र नापास!" मागून कोणीतरी ओरडलं, "मग ट्रकला बसवा परीक्षेला!" हशा झाला, अध्यक्ष लाल झाले, आणि तेवढ्यात रुफिनोच उठला. म्हणाला, "मला खरंच येत नाही, पप्पा. अपूर्णांक दिसला की झोप येते." बाप म्हणाला, मग घरी बोलला का नाहीस? तर पोरगं म्हणतं, "घरी विचारलं की तुम्ही म्हणता प्रोफेला विचार. आणि तुम्ही कोंपाद्रे झाल्यापासून म्हणता, काळजी करू नको, कोंपाद्रे बघून घेतील. मग मी पण काळजी सोडली."

तेव्हा सेवेरिना उठली. म्हणाली, "मी हेच बघायला थांबले होते. याने तेओदोसिओच्या पोराला पास केलं असतं ना, तर माझी निएवेस मी कांद्यातच बसवली असती. तोंडावर कडू बोलतो, म्हणजे पाठीमागे गोड बोलून नेणार नाही." आणि अध्यक्षांकडे वळून, "कोंपाद्रे, कोंबडा एव्हाना कंटाळला असेल. शिजवायचा का?"

शिजवला. मी तत्त्व म्हणून फक्त रस्सा घेतला (दोनदा). आता रोज दुपारी बापलेक माझ्यासमोर अपूर्णांक घेऊन बसतात. मुलाला अजून झोप येते, पण बाप अपूर्णांकांशी इतका भांडतो की झोपायची सोय राहिलेली नाही.

तर मामा, ही हकीकत केवळ तुम्हाला चार घटका हसू यावं म्हणून लिहिली. मागणं काही नाही. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
इलारियोन

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. सेवेरिना निएवेसला पाठवायला तयार आहे, पण म्हणते, "कोंपाद्रे, तुम्ही इथे आणि पोरगी तिथे. तिथे आमचं कोण?" वसतिगृह शनिवार-रविवारी बंद असतं. मी तुमचं नाव सांगितलं. पोरीचे धर्मबाप तुम्ही. तुम्हाला फार आनंद झाला आहे, असंही सांगून टाकलं. उद्या नाही, पुढच्या रविवारी मंडळी घर बघायला येताहेत: सेवेरिना, निएवेस, आणि ट्रकसह तेओदोसिओ. ट्रक मोठा असल्याने इतरही काही जण. एक मेंढी आणतील. नको म्हणू नका, रागावतील.

ता. ता. क. तुम्हाला चिचा आवडत नाही असं मी बोललो आहे. हे खोटं नाही. प्रत्येक वाडग्याला तुम्ही नावं ठेवता हे मी स्वतः ऐकलंय. तरी त्या रविवारी बेडूक घोंगडीखाली झाकावा.

आणखी एक, शेवटचं. भर सभेत सेवेरिनाने मला एकच प्रश्न विचारला. पोरीला खोली कुठली, जेवण काय, काही नाही. विचारलं, "तुमच्या मामांच्या घरी भांडी कोण घासतं?" आणि मामा, तीन मिनिटांना दोन न म्हणणारा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा घासतात." तोंडातून कसं निघालं देव जाणे. ती हाच प्रश्न तिथे मामींना विचारणार आहे, आणि मामी खोटं बोलणार नाहीत. त्यांना खरं सांगायला फारच मजा येईल. तेव्हा माझा शब्द खरा करायचा एकच मार्ग उरला आहे. आजचा दिवस धरून आठ दिवस आहेत हाताशी. काजळी राखेने निघते, तेलकटपणाला गरम पाणी लागतं, बाकी मामी शेजारी खुर्ची टाकून सांगतीलच. बाह्या वर करा, मामा. आणि मंडळी परत गेली म्हणून सोमवारी थांबू नका. निएवेस सहा वर्षं तुमच्याकडे येत राहणार आहे, आणि चूक दिसली की ती हात वर करते.