दाखवा ना चौदावं रत्न!

३ मे, सोमवार

येतेय! नात येतेय! दहा दिवस! एकटी, आईबापाशिवाय!

सकाळी चिरंजिवांचा फोन. सूनबाई नर्स आहे, तिचं कसलंसं ट्रेनिंग परगावी निघालंय. पोरीच्या शाळेला सुट्टी, याला ऑफिसातून सुट्टी नाही. "अण्णा, तिला ठेवाल का?" ठेवाल का म्हणे! सहा वर्षांत ही पोर आमच्याकडे एक रात्रसुद्धा राहिलेली नाही. सकाळी आणायची, संध्याकाळी न्यायची, तीही बापाच्या नजरेसमोर. मी तीनदा हो म्हणालो.

मग त्याने घसा खाकरला. "एकच अट आहे. तिला हात लावायचा नाही. एक चापट जरी बसली ना, तर ती पुन्हा तुमच्याकडे येणार नाही."

तोंडावर! बापाला! मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि नंतर दहा मिनिटं बायकोवर डाफरलो. हिचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

४ मे, मंगळवार

कालचं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो. मारलं तर असं काय आकाश कोसळलं? आमच्या वडिलांनी आम्हाला बदड बदड बदडलं. मेलो का आम्ही? मीही मारलं. फुटपट्टीने, तळहातावर. तो आपणहून हात पुढे करायचा. पळायचा नाही, रडायचा नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं! शिकलासवरला, चांगल्या नोकरीला लागला. समोरचा टेलर तर म्हणतो, "चटका दिल्याशिवाय कापडाची घडी बसत नाही, पोरांचं तेच." अगदी बरोबर!

हे सगळं हिला ऐकवलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही मारायचात आणि मी फुंकर घालायचे. तो कशाने मोठा झाला, ते त्यालाच विचारा."

झालं! उठून टेबल आवरायला घेतलं. पुढची खोली म्हणजे माझं दुकान. घड्याळं दुरुस्त करायची म्हणजे एकेक स्क्रू तिळाएवढा, पोर आली तर सगळं विस्कटेल.

५ मे, बुधवार

आली!! दारातूनच सुरू. "आजोबा, हे घड्याळ बंद का? ते का चालू? तुम्हाला इतकी घड्याळं लागतात तर वेळ किती असतो तुमच्याकडे?" मी नावच ठेवलं – टकळी.

बाप गेला तसं थेट माझ्या स्टुलावर. "घड्याळाच्या पोटात काय असतं?" माझं जुनं मनगटी उघडून दाखवलं. डोळ्याला भिंग लावून दिलं, ते सारखं पडतंय, ती सारखं लावतेय! म्हटलं, "यात सतरा रत्नं आहेत." "खरी?" "खरी माणकं. चाकं झिजू नयेत म्हणून बसवतात." गुलाबी ठिपका दिसल्यावर अशी किंचाळली की टेलर मशीन थांबवून बाहेर आला.

पाच मोजली तिने. बाकीची चाकांखाली लपलीत म्हटलं, तर चाकांनाच विनवायला लागली, सरका ना, सरका ना!

चिरंजीव आठ वर्षांचा असताना त्याने एकदा गजराचं घड्याळ उघडलं होतं. मी त्याला फोडून काढला. त्यानंतर तो या टेबलाशी कधी बसला नाही. आज एकदम आठवलं.

६ मे, गुरुवार

दोनदा हात शिवशिवला. दोन्ही वेळा खिशात घातला.

७ मे, शुक्रवार

दुपारी तीन वाजता, मी वामकुक्षीत असताना, अकरा गजर एकदम वाजले! अकरा! कारटीने सगळ्यांचे काटे एका जागी लावून ठेवले होते. मी पलंगावरून अक्षरशः उडालो. आणि सवयीने ओरडलो, "थांब, आता तुला चौदावं रत्नच दाखवतो!"

तर टाळ्या पिटत समोर उभी! "खरंच? दाखवा ना! चौदावं सापडलं तुम्हाला?"

हिने तोंडात पदराचा बोळा कोंबला, तरी हसू आवरेना. मी म्हटलं, "नंतर. आता पळ!"

लिहितानाही हसतोय. या पोरीला त्या शब्दांचा अर्थच ठाऊक नाही! आमच्या घरात आकडे येण्याआधी पोरांना चौदावं रत्न यायचं. म्हणजे चिरंजिवांनी पोरीवर कधी हात उगारलेला नाही. शाबास रे पठ्ठ्या! मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. जळलोही थोडा, खोटं कशाला लिहू?

८ मे, शनिवार

पोरीने नेमका उलटा हिशोब जमवलाय! खोडी काढली की आजोबा रत्न दाखवणार. म्हणून सकाळपासून खोड्याच खोड्या. माझा चष्मा तांदळाच्या डब्यात. चप्पल बादलीत. टेलरची टेप आमच्या खिडकीला. प्रत्येक खोडीनंतर मान तिरकी करून, "आता दाखवाल?"

शेवटी म्हटलं, "ते रत्न बघायचं नसतं, बाळा."

"मग म्हणालात कशाला?"

अडकित्त्यात सुपारी!

१० मे, सोमवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, पण आजच लिहायचं.

दहा मिनिटं औषधाच्या दुकानात गेलो, ही आत आंघोळीला. परत येतो तर टकळी माझ्या स्टुलावर. समोर दुरुस्तीला आलेलं, गल्लीतल्या शाळेच्या बाईंचं घड्याळ. त्यांच्या वडिलांचं, त्यांची तेवढी एकच आठवण राहिलेली! झाकण उघडं, आणि आतली केसाएवढी स्प्रिंग ओढून लांबच्या लांब केलेली.

"आजोबा, चौदापर्यंत मोजत होते. नऊच सापडली!"

डोळ्यांपुढे लाल झालं. पुढचं दिसलं ते एवढंच, की माझा हात वर आहे. मी उचलला म्हणावं, तर मला उचलल्याचं आठवत नाही. तो वर होता!

आणि तिने हसून तळहात पुढे केला.

तिला वाटलं, मी देतोय. चौदावं! चिरंजिवांचा असायचा तेवढाच तळहात. तस्साच सपाट धरलेला. फक्त त्याच्या डोळ्यांत असं हसू कधी नव्हतं. आणि मी त्याला कौतुक म्हणत आलो इतकी वर्षं! कौतुक कसलं डोंबलाचं, पोर घाबरून गोठलेलं असायचं!

हात किती वेळ वर होता, माहीत नाही. मग तो खाली आला. टेबलावर आला, चिमट्याकडे गेला. भंगारातल्या एका घड्याळातून मी एक माणिक सोडवलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. मोहरीहून लहान, गुलाबी.

"हे चौदावं."

"एवढंसंच?"

"एवढंसंच. पण यासाठी कुणाचं घड्याळ उघडायचं नाही. बाई रडतील."

ती एकदम गंभीर झाली. "मी सॉरी म्हणू त्यांना?" म्हटलं, दोघं मिळून म्हणू. ही बाहेर आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडलो. बहात्तर वर्षांचा घोडा!

नाही मारलं! नाही मारलं! नाही मारलं!

११ मे, मंगळवार

तसलीच स्प्रिंग जुन्या मालात मिळाली. घड्याळ चालू! टकळी बाईंसमोर सॉरी म्हणाली. मीही म्हणालो. बाईंनी घड्याळ कानाला लावलं आणि तिच्याही कानाला लावून दाखवलं. मी हवेत!

आणि संध्याकाळी घोटाळा. बापाचा फोन आला, मी पोचेपर्यंत टकळीने उचललासुद्धा. "बाबा! आजोबांनी मला चौदावं रत्न दाखवलं! हातावर!"

चौदावं रत्न! वर ते "हातावर"!

रिसीव्हर घेतला. पलीकडून, "उद्या सकाळी येतो. तिची बॅग भरून ठेवा." कट. तेव्हापासून सात वेळा लावला, उचलत नाही. ही आधी खोखो हसली आणि मग डोळ्यांना पदर लावून बसली. मारलं नाही आणि तरी पोर चालली! आयुष्यभर मारलं तेव्हा कुणी जाब विचारला नाही, आणि आज हे!

१२ मे, बुधवार

बूट न काढता आत आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कुठे मारलं? हात दाखव."

टकळी धावत जाऊन औषधाची रिकामी बाटली घेऊन आली. आत कापूस, कापसावर माणिक. "भिंग लावा बाबा, तसं दिसत नाही!" त्याच्या डोळ्याला भिंग स्वतः लावलं तिने. तो वाकून बघत राहिला, बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता! माझा मुलगा माझ्या टेबलावर ओणवा होऊन हसत होता!

मी सगळं सांगितलं. घड्याळ, स्प्रिंग, टकळीचा तळहात. हात वर गेला होता, तेही. लपवून काय करायचंय? मग म्हटलं, "तुझ्या तळहाताच्या बाबतीत माझं चुकलं, बाळा." चाळीस वर्षांचा माणूस, त्याने मान खाली घातली. बूट काढले. बॅग परत उघडली गेली! ही दोनदा चहा करून बसली, कुणी प्यायला नाही.

१३ मे, गुरुवार

चिरंजीव राहिला. सकाळी टकळी हिच्याबरोबर बाजारात गेली, तेव्हा माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला. म्हणाला, "गेल्या महिन्यात मी तिला मारलं, अण्णा. दोनदा. पाठीत. बोललो काहीच नाही, सरळ मारलं. दहा दिवस तिच्याबरोबर एकट्याने राहायची मला भीती वाटली, म्हणून इकडे पाठवली."

मग चिमटा हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वर गेलेला हात खाली कसा आणलात? माझा येत नाही."