मशीनसमोर बोलता येत नाही म्हणून

मंगळवार, १४ तारीख
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकशील, म्हणून आधीच सांगते, इकडे सगळं ठीक आहे. ह्यांचं श्वासाचं मशीन बोलून चालवायचं असतं, म्हणजे ते ऐकतही असणार. फोनमध्येही कंपनीचं अ‍ॅप आहे. मला आता दोन्हींची धास्ती वाटते. म्हणून जिन्यात बसून, मांडीवर ताट उपडं घालून लिहितेय. अक्षर सांभाळून घे.

जिन्यातला दिवा एकदाचा लागला. वरच्या मास्तरीणबाई तुझी चौकशी करत होत्या. माझं इस्त्रीचं काम चालू आहे, कंबर कुरकुरते, पण ती जुनीच रड.

ह्यांची तब्येत बरी आहे. काल दोन्ही वेळा जेवले. सदरा ढगळ झालाय म्हणून स्वतःच टाके घालत बसले. शिंप्याचा हात, गप्प बसवत नाही. नाकातल्या नळीला ते वेसण म्हणतात. "लग्नात घातलीस ती पुरली नाही वाटतं," असं चाललेलं असतं.

इतके बरे कसे, असं तू विचारशील. तेच सांगायचंय आणि तेच टाळतेय.

तुमच्या ग्राहक सभेने ठरवलं होतं ना, सगळ्यांनी रविवारी दुपारी तासभर मशीनचं कंपनीशी जोडणारं कार्ड काढून ठेवायचं, म्हणजे कंपनीला एकदम शेकडो घरं गायब झालेली दिसतील. कंपनीच्या कमी हप्त्याच्या, छोट्या योजनेतल्या माणसाला मेकॅनिकसाठी आठवडा थांबवतात, त्याचा निषेध. मला पटलं होतं. ह्यांना तर फार पटलं होतं, कार्ड त्यांनीच ओढून काढलं, एखाद्याचा कान धरावा तसं. तू म्हणाली होतीस, काळजी करू नका, कार्डाशिवाय मशीन चालतं, आम्ही बघितलंय.

ताई, तुम्ही बघितलं ते तुमच्या अध्यक्षांच्या वडिलांच्या मशीनवर. त्यांची मोठी योजना. त्यांचं चालतं. आमच्या मशीनचं कंपनीशी बोलणं तुटलं की ते हवा अगदी कमी करतं, कार्ड परत घातलं तरी वाढवत नाही. दिसायला दोन्ही मशीनं सारखीच, म्हणून कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तुझ्याही नाही, माझ्याही नाही.

त्यांचे ओठ जांभळे पडायला लागले. मी मशीनला ओरडून सांगितलं, हवा वाढव. ते गोड आवाजात म्हणालं, आपली विनंती रांगेत आहे. अँब्युलन्सला फोन केला, लागेना. शेवटी कंपनीला लावला. एक बाई बोलली, अगदी मायेने. "कार्ड कुणी काढायला सांगितलं? घाबरू नका, फक्त तेवढं सांगा." मी म्हटलं, बहिणीने. "त्यांनी जबरदस्ती केली का?"

ह्यांचा हात माझ्या हातात होता, आणि गार होता.

मी हो म्हटलं. "मोठ्याने सांगा," ती म्हणाली. मी मोठ्याने सांगितलं, बहिणीने जबरदस्ती केली, आम्हाला नको होतं. मशीनचा आवाज लगेच बदलला आणि हवा वाढली. आता आम्ही मोठ्या योजनेत आहोत, एक पैसा जास्त न देता.

ते पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. रंग परत आल्यावर पहिलं वाक्य बोलले, "ताईंनी कधी जबरदस्ती केली?" तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. चेष्टा करतात ती आल्यागेल्यासमोर. काल म्हणाले, "शुक्रवारी सभेच्या तक्रारीच्या सुनावणीला जा आणि खरं सांग. फार तर हवा कमी करतील." फार तर! जसं काही सदऱ्याचं बटणच तुटणार होतं.

शुक्रवारी कंपनीवाले माझा तो फोनवरचा आवाज ऐकवतील. सभेने आजाऱ्यांच्या जिवाशी खेळ केला, असं म्हणतील आणि तुझ्यावर खटला भरतील. सगळ्या लोकांसमोर तुझ्या कानावर पहिल्यांदा पडू नये, म्हणून आज लिहितेय. मी येणार नाही, ताई. घरातून निघाले आणि मागे ते मशीन हळू झालं तर, एवढंच डोक्यात घुमतं. आताही दारातून कान तिकडेच आहे. आवाज जरा बदलला की मी उठते, मग काही नसतं, मग परत बसते. तुझ्याशी बेइमानी केली याची लाज वाटते. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा हो म्हणेन, हे मला पक्कं कळलंय.

तू जबरदस्ती केली नाहीस. आम्ही दोघांनी आनंदाने कार्ड काढलं. मी फोनवर खोटं बोलले. हे माझ्या हाताने लिहिलंय, तेव्हा शुक्रवारी हे पत्र तू तिथे ठेवलंस तर तू सुटशील. मग इकडे काय होईल ते तुला माहीत आहे. दाखवू नकोस, असं लिहायला म्हणून मी जिन्यात आले होते. ते लिहवत नाही. दाखव, असंही लिहवत नाही.

मागच्या बाजूला सही केली आहे, पूर्ण नावाने, कुणालाही वाचता येईल अशी.

तुझी,
धाकटी