कबूल केलेली पहिली पसंती

९ मे

बॅग भरून दारात ठेवली. सहल म्हणे! विधान परिषदेची निवडणूक आली की आम्हा मेंबर लोकांना सहल लागते. या निवडणुकीत मत फक्त झेडपीच्या आणि नगरपालिकांच्या मेंबरांना. म्हणजे मोजकी माणसं, फोडायला सोपी. म्हणून कुठंतरी नेऊन ठेवायची आणि मतदानाच्या दिवशीच परत आणायची. मेंढरं जाळीत कोंडतात तशी.

मी झेडपी मेंबर. म्हणजे निवडून मी आले आणि फोन गोरक्ष उचलतो. (नवऱ्याचं नाव इथं लिहिते, तोंडानं घेत नाही.)

मामंजी – आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो – अंथरुणावर आहेत. छातीत पाणी झालंय. आडवं पडलं की दम कोंडतो, म्हणून रात्रंदिवस उशीला टेकून बसलेले. दवाखान्यानं घरी न्या म्हटलं, त्याचा अर्थ मला कळतो. निघताना जवळ बोलावलं. "निर्मला, गायरान गेलं तर मेंढरं कुटं चारायची? तुजं मत मास्तरला दे."

आमच्या पक्षाचे उमेदवार म्हणजे साहेब. त्यांनीच आमच्या बोरीचं गायरान स्वतःच्या गोदामांसाठी मागितलंय! मास्तर विरोधात उभे आहेत. ते निदान आमच्या मेंढरांच्या वाड्यावर येऊन घोंगडीवर बसून गेले, चहा प्याले.

दादांनी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी मागवली. मी भंडारा उचलला. पहिली पसंती मास्तरांना – शब्द दिला. भंडारा उचलल्यावर आमच्यात कुणी मागं फिरत नाही. दादांनी माझ्या कपाळाला लावला.

१० मे

कोकणात कुठंतरी आहोत. समुद्र पहिल्यांदा पाहिला. काही वाटलं नाही.

पक्षाचा माणूस सयाजी आमच्यावर राखणीला. आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल गोळा केले. "वहिनी, सुट्टी एंजॉय करा की राव!" संध्याकाळी त्याच्या फोनवरून घरी बोलायचं, तेही स्पीकर लावून. गोरक्ष म्हणाला, दादा तसेच आहेत. दादा स्वतः दोन शब्द बोलले. मागून सासूबाई ओरडत होत्या, बोलू नगा, दम लागतो.

माझ्या खोलीत हर्षाली आहे – अवसरीची, माझ्याहून बरीच लहान. बडबडी पोरगी. बरंय, रडू येत नाही.

११ मे

आज काय झालं ते लिहून ठेवते.

नाश्त्यानंतर सयाजीनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. मधोमध पितळी ताट, ताटभर भंडारा. "खास जेजुरीवरनं आणलाय." एकेकानं उचलायचा आणि म्हणायचं – पहिली पसंती साहेबांना, शब्द मोडला तर माझ्या घरातलं माणूस जाईल.

घरातलं माणूस! माझा नंबर आला. म्हटलं, मला नको. सयाजी हसला. "का वो वहिनी? मनात काय दुसरं हाय का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उचलला. शब्द न् शब्द म्हटला.

नंतर मोरीत जाऊन हात घासघासून धुतले. पिवळे ते पिवळेच.

एकच देव, आणि मी त्याला दोन शब्द दिले. दादांचा शब्द मोडला तर देव मला बघून घेईल. सयाजीचा मोडला तर दादांना.

१२ मे

हर्षालीचा घसा बसलाय. हळद घातलेलं दूध आणायला किचनमध्ये गेली आणि रिकाम्या हातानं आली. हळद संपली म्हणे! एवढं मोठं रिसॉर्ट, आणि हळद संपली. एकटीच हसत होती कितीतरी वेळ. मी विचारलंही नाही, माझं डोकं ठिकाणावर कुठंय.

संध्याकाळी फोन. गोरक्षचा आवाज बसलेला. "दादा झोपल्यात." मी म्हटलं, बसून? तर म्हणाला, "न्हाई. आडवं."

आडवं! कितीतरी दिवसांनी त्यांना आडवं पडवलं! म्हणजे पाणी उतरलं. देव पावला. पण कोणत्या शब्दाला पावला ते मला चांगलं कळतंय – कालच्या.

१३ मे

आजही झोपलेत. आराम पडलाय.

सयाजीला म्हटलं, एकदा घरी नेऊन आणा, दादांना बघते आणि लगेच परत येते. आज त्यानं एकही विनोद केला नाही. "मतदान झालं की थेट तुमच्या दारात सोडतो. माजा शब्द."

१४ मे

ठरवलं. उद्या साहेबांना. देवानं बघायचंच असेल तर मला बघू दे.

दादांना काय सांगायचं तेही ठरवलं. पायावर डोकं ठेवून खरं सांगणार. चिडतील, तोंड फिरवतील. चार दिवस बोलणार नाहीत. मग चहा मागतील. गायरानासाठी कोर्टात जाऊ, मोर्चा काढू, मी पुढं चालेन. माणूस राहिला तर गायरान परत मिळवता येईल.

१५ मे

जुन्नरला तहसील कचेरीत मतदान झालं. कचेरीचाच पेन, जांभळा. साहेबांच्या नावापुढं १ लिहिला. मास्तरांना २ दिला – जणू त्यानं काही होतं!

सयाजी गाडी चालवत होता. आळेफाटा गेला, बोरीचा रस्ता आला. मीच बोलत होते. दादांसाठी द्राक्षं घ्यायला गाडी थांबवली.

अंगणात माणसं बसलेली. दादांची खाट भिंतीला उभी लावलेली. खाटेच्या जागी जमिनीवर पीठ आणि पणती.

बारा तारखेलाच गेले. सकाळी.

गोरक्ष म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू निगाली असतीस. साहेबाचा मानूस इथंच बसून व्हता. म्हनला, मेंबरबाईला आत्ता कळाया नको." मी द्राक्षांची पिशवी त्याच्या अंगावर फेकली. माणसांदेखत.

सासूबाईंनी मला कुशीत घेतलं. "सुकानं गेलं गं. म्हनत व्हते, गायरानाची काळजी न्हाई, निर्मलानं भंडारा उचललाय."

१८ मे

साहेब निवडून आले. फाट्यावर फटाके वाजले, इथपर्यंत ऐकू आले.

गोरक्षशी बोलत नाही. तोही बोलत नाही. मेंढरं आज गायरानातच नेली.

२१ मे

दहावा झाला. हर्षाली आली होती. जाताना बाजूला घेऊन म्हणाली, ताई, तुम्ही मत तुमच्या मनासारखंच दिलं ना? मी तर दिलं. मी म्हटलं, अगं, भंडारा उचलला होता आपण.

तिनं माझा हात धरला.

"ताई, ती किचनमधली हळद व्हती. सयाजीभाऊंनी सगळी ताटात वतून नेली, आचारीच म्हनला मला. म्हनून तर दुदाला उरली न्हाई. मला वाटलं, तुमाला म्हाईतीये."

दादांची वाटी देव्हाऱ्यात आहे. तिच्यात खरा भंडारा आहे.