कायमची दुरुस्ती

टाम्पेरे, फेब्रुवारी

हेल्वीआजी,

पाकिटावर आता कुठला पत्ता लिहू? तुम्हाला दफनभूमीत पोचवून आल्यावर तुमची भाची काल वसतिगृहावर आली आणि तुमचा रेडिओ देऊन गेली. "मावशीनं सांगून ठेवलं होतं, हा त्या इंजिनिअर पोरालाच द्यायचा."

एकट्या म्हाताऱ्यांच्या मदतीला जाणाऱ्या आम्हा विद्यार्थी स्वयंसेवकांचा नियम तुम्हाला पाठ होता: घरात काही बिघडलं, तरच आम्ही येणार. तुमचा रेडिओ दर गुरुवारी बिघडायचा. दर वेळी तीच तार सुटलेली असायची. मी ती जोडेपर्यंत तुम्ही कॉफी आणि वेलदोड्याचे पाव मांडायचात. "सावकाश कर रे, मला कुठे नाचायला जायचंय?"

मला मात्र त्या तारेचा राग यायला लागला. चार वर्षं शिकून एक तार जागेवर राहू नये? शेवटी मी नवा जोड दिला आणि वर दगडासारखा घट्ट होणारा गोंद ओतला. "आजी, आता जन्मात बिघडणार नाही. मला बोलवायची गरजच नाही!"

तुम्ही रेडिओचं झाकण बोटांनी चाचपलंत. मग म्हणालात, "हुशार आहेस हो." उरलेले सगळे पाव मला बांधून दिलेत.

स्वयंसेवेबद्दल मिळालेला कापडी बिल्ला मी ऐटीत माझ्या कॉलेजच्या डगल्यावर शिवला. तुमचा फोन येत नव्हता, याचाही मला आनंदच होता.

काल रेडिओ उघडला. गोंदावर सुरीचे ओरखडे आहेत, आडवे, उभे, एकावर एक. एका खाचेत सुरीचं टोक मोडून अडकलंय.

रेडिओ अजून छान वाजतो, आजी.

तुमचा हुशार,
इल्मो