अकरा चाळीसची सुट्टी

३ जून, सोमवार
आजपासून व्हिसेलिया गावातलं आमचं फास्ट-फूडचं दुकान माझ्याकडे. पापांनी किल्ल्या दिल्या आणि बजावलं: इत्सेल, गेल्या वर्षी कामगार खात्यानं जेवणाच्या सुट्ट्या चुकल्या म्हणून दोनदा पकडलंय. पुन्हा चुकली तर फ्रँचायझी देणारी कंपनी आपला बोर्ड उतरवून नेईल.
कॅलिफोर्नियाचा नियम साधा आहे. पाचवा तास संपायच्या आत अर्ध्या तासाची सुट्टी सुरू झाली पाहिजे. सलग. त्या वेळात कसलंही काम नाही. यात अवघड काय? माणसं विसरतात, एवढंच. यंत्र विसरत नाही.
मी इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. महिन्याभरात शून्य चुका.

५ जून, बुधवार
टॅबलेटवर प्रणाली बसवली. सुट्टीला जाताना अंगठा लावायचा. मग तीस मिनिटं ते नाव कुलूपबंद. तीस पूर्ण झाली की प्रणाली आपणच हजेरी लावते, म्हणजे परतताना कोणी विसरायला नको.
रीगो, शिफ्टचा प्रमुख, नऊ वर्षं इथे. विचारतो, "बॉस, आणि माणूस परत आलाच नाही तर?" मी म्हणाले, जाईल कुठे? तो हसला. का ते कळलं नाही.

१० जून, सोमवार
वेळापत्रक तयार. गेल्या वर्षीच्या विक्रीची तासागणिक सरासरी काढली. तळणाच्या फ्रायरवरच्या ओफेलिया मुंगिया, सगळे त्यांना मानानं 'डोन्या' म्हणजे बाई म्हणतात, यांची सुट्टी ११:४०. शिफ्ट सातची, म्हणजे मुदतीच्या वीस मिनिटं आधी. कायदेशीर.
त्या भेटायला आल्या. वय छप्पन्न. मला 'मीहा' म्हणतात, म्हणजे पोरी. कामाच्या जागी असं नको, हे एकदा सांगायचं आहे. म्हणाल्या, "मीहा, मला साडेदहाची दे. समोरच्या पीचच्या पॅकिंग शेडचा भोंगा पावणेबाराला होतो. पाचशे माणसं भुकेजून आपल्या दारात येतात. आणि मी एकदा इन्सुलिन टोचलं की पंधरा मिनिटांत पोटात घास गेलाच पाहिजे, नाहीतर आडवी होईन."
मी आलेख दाखवला. अकरा ते बारा, गर्दी मध्यम.
"तुझ्या कागदाला भोंगा ऐकू येत नाही वाटतं," म्हणाल्या.
सरासरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.
संकल्प: ११:३० ते १:३० जादा माणूस. पुढच्या आठवड्यात जाहिरात.

२० जून, गुरुवार
अहवाल. शहाऐंशी सुट्ट्या, शहाऐंशी पूर्ण. प्रत्येक बरोबर तीस मिनिटांची. एकही एकोणतीस नाही, एकही एकतीस नाही. पापांना पाठवला. त्यांच्याकडून मोबाइलवर अंगठ्याचं चित्र आलं.
१२:२०. मागच्या दाराशी दुधाच्या क्रेटवर अर्धा बुरितो. डोन्या ओफेलियांचा. भूक कमी असावी. वयानुसार होतं.
जाहिरात राहिली. महिनाअखेरीस देईन.

२५ जून, मंगळवार
आज स्वतः उभं राहून पाहिलं. ११:४० ला त्या क्रेटवर बसल्या, सुई टोचली, बुरितोचा कागद उलगडला. हेडसेट कानात तसाच. ११:४६ ला त्यात रीगो ओरडला, शेजारी उभ्या मलाही ऐकू आलं: "डोन्या, चोवीस नगेट्स, सहा मोठे फ्राइज, मेलो मी!"
त्या उठल्या. सुट्टी चालू आहे, मी सांगितलं.
"मग तू तळ."
मला ११:५० ला फोन होता.
त्यांना उठा असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या आपण होऊन उठल्या. हा फरक महत्त्वाचा आहे. नोंद: ऐच्छिक.
जादा माणसाची जाहिरात, कंपनीनं मजकूर मंजूर केल्यावर. मजकूर अजून पाठवलेला नाही.

२८ जून, शुक्रवार
फॉर्म केला. 'सुट्टीच्या वेळात मी केलेलं काम ऐच्छिक आहे.' सगळ्यांनी सह्या केल्या. डोन्या ओफेलियांनी सर्वांत शेवटी. पेन परत देताना म्हणाल्या, "बरंच शिकलीस गं मीहा." मी आभार मानले.

९ जुलै, मंगळवार
११:४० सुट्टी.
११:४१ सुई.
११:४६ उठल्या.
११:५८ फ्रायरसमोर तोल गेला. उजवा हात तेलात. किती सेकंद, ते कॅमेऱ्यावर मोजता येईल. मोजलेलं नाही.
१२:०९ रुग्णवाहिका निघाली. रीगो सोबत गेला.
१२:१० टॅबलेट: 'मुंगिया, ओफेलिया. सुट्टी पूर्ण. कामावर हजर.' हिरवा दिवा.
क्रेटवर बुरितो. कागदसुद्धा उलगडलेला नव्हता.

१० जुलै, बुधवार, सकाळी ७
लाल दिवा. पहिलाच. 'मुंगिया, ओफेलिया. सलग अठरा तास पन्नास मिनिटं कामावर. दुसरी सुट्टी दिलेली नाही.'
प्रणालीची चूक नाही. त्यांना कामावरून उतरवणं माणसाचं काम होतं.
हॉस्पिटलात गेले नाही. चौकशी होईपर्यंत न बोललेलं बरं. फुलं पाठवली. त्यांच्या मुलीने परत केली.

१७ जुलै, बुधवार
कामगार खात्याच्या बाई आल्या. आडनाव व्हँग. मंद आवाज. नोंदी मागितल्या, मी दिल्या. नीटनेटक्या नोंदी देताना बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.
पानं चाळून म्हणाल्या, "एकवीस वर्षं मी हेच वाचते. माणसं अठ्ठावीस मिनिटं बसतात, तेहेतीस बसतात. एखादी रडायला जाते ती चाळीस बसते. तुमच्याकडे एकशे अठ्ठ्याण्णव वेळा तीस. इथे माणसं जेवतात की घड्याळं?"
मग नऊ जुलैवर बोट. "रुग्णवाहिका बारा नऊ. हजेरी बारा दहा. ही लावली कुणी?"
प्रणालीने, म्हणाले. ते त्यांनी लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.
बाजू भक्कम करायला मी फॉर्मही दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. फॉर्म सोबत घेऊन गेल्या.

२ ऑगस्ट, शुक्रवार
बोर्ड अजून आहे. किल्ल्या पापांकडे. रीगोने नोकरी सोडली. जाताना दारातून एवढंच सांगितलं: डोन्यांची तीन बोटं काढली.
जादा माणूस मिळाला. मी. फ्रायरवर. वेळापत्रक तेच, आता बदललं तर चूक कबूल केल्यासारखं होईल, असं पापांचा वकील म्हणतो.
११:४० क्रेटवर बसले. सँडविच. हेडसेट काढायचा राहिला.
११:४५ भोंगा. इथे बसल्यावर फार मोठा ऐकू येतो.
११:४६ ऑर्डरच्या खिडकीवरची नवी मुलगी, कानात: "मॅडम, सोळा फ्राइज, या ना, प्लीज, मला नाही जमत!"
उठले.
नोंद: ऐच्छिक.