काचेतला सामना

३ डिसेंबर २००७
दादाला जाऊन महिना झाला. दुकान उघडलं. टीव्ही पुसले. दादाने आपल्या दुकानासाठी एचडी डीव्हीडी निवडली होती, म्हणजे लाल डबी. समोर वहिनींचा भाऊ ब्लू-रे विकतो, निळी डबी. दोन्ही नव्या, जास्त स्वच्छ चित्राच्या डिस्क, पण एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरमध्ये चालत नाही. रोज संध्याकाळी सहाला दोघं आपापल्या काचेत तोच सिनेमा लावायचे. ज्याच्यापुढे गर्दी कमी, त्याने चहा पाजायचा. आता सामना मी चालवणार. लाल जिंकणार, कारण निवड दादाची आहे.
दादाचा आवाज कुठेच उरलेला नाही. फोटो आहेत, पण फोटोत तो गप्प. असो. गप्प मी आहे, तो नव्हता.

९ डिसेंबर
सहाला सिनेमा लावला. माझ्याकडे चौघं, त्यातला एक बसची वाट बघत होता. समोर फुटपाथ भरलेला. वहिनींचा भाऊ चहाचे दोन कप घेऊन रस्ता ओलांडून आला. म्हणाला, हरलास तू, पण आज मीच पाजतो. हा उघड टोमणा. मी मारलं नाही. हात वर गेला, मध्ये कप होता. त्याच्या छातीवर चांगलंच भाजलं असावं.

१७ डिसेंबर
त्याच्या काचेला तडा गेला. कुणीतरी वजनदार दगड फेकला. कुणीतरी म्हणजे मी, पण नेम पाटीवर होता. तो धावत आला, माझं डोकं रॅकवर आपटलं. मी त्याचा ओठ फोडला. माझा एक दात हलतो आहे. वहिनी आल्या. दोघांना स्टुलांवर बसवून एकाच बोळ्याने रक्त पुसलं. म्हणाल्या, भाऊजी, हे गेलेच आहेत, आता तुम्ही दोघंही जा, म्हणजे मी दोन्ही दुकानं विकून मोकळी.
निश्चय: उद्यापासून हात खिशात.

२४ डिसेंबर
हात दिवसभर खिशात होते. पायांबद्दल काही ठरलं नव्हतं. त्याच्या दारात निळीच्या जाहिरातीचा पुठ्ठ्याचा मोठा सिनेनट होता, तो कंबरेत मोडला.

५ जानेवारी २००८
एका मोठ्या स्टुडिओने निळीची बाजू घेतली. चांगली बातमी आहे. समोरचा घाबरल्याशिवाय असे डाव टाकत नाही. एक गिऱ्हाईक लाल प्लेअर परत करायला आलं. त्याला दंडाला धरून बाहेर सोडलं. प्लेअर त्याच्या पायावर पडला, तो मी फेकला नव्हता, दिला होता.
निश्चय चालू.

१३ जानेवारी
वहिनींचा भाऊ आला. ओठावर अजून व्रण. काउंटरवर एक निळी डबी ठेवली, वर काही लिहिलेलं नाही. म्हणाला, आधी बघ, मग हवं तर मार. म्हटलं, आमच्याकडे हे चालत नाही. म्हणाला, मग माझ्याकडे ये, आत बसून बघू. म्हणजे मी त्याच्या दुकानात जाऊन निळी बघायची. दादाला काय वाटेल? तो गेल्यावर हातोडी घेतली. निळीचं कवच टणक असतं म्हणतात, खरं आहे. पहिला घाव निसटला, मग घालतच राहिलो. एक कपची तळहातात शिरली. लगेच काढली. बरीचशी. खूप शांत वाटलं.

२० फेब्रुवारी
लाल संपली. काल जाहीर झालं, यापुढे तिचे प्लेअर निघणार नाहीत.
दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. विचारलं, ती डिस्क बघितलीत ना? मी विचारलं, कोणती. म्हणाल्या, अहो, यांची. माझ्या भावाने नवा कॅमेरा आणला तेव्हा सहाच्या सामन्यात यांचंच शूटिंग केलं होतं. हे आपल्या दारात उभे राहून ओरडतायत, इकडे या, तिकडे नुसता निळा उजेड आहे. मग म्हणतात, यंत्र माझा धाकटा जुळवतो, तो बोलत नाही, त्याचं काम बोलतं. टेपवर पुढे दुसरं शूटिंग झालं, म्हणून ही एकच राहिली. तो म्हणाला, ती भाऊजींकडेच असू दे.
मी म्हटलं, बघितली.
त्या म्हणाल्या, अगदी समोर असल्यासारखे बोलतात, नाही?
म्हटलं, हो.
सहाला काही लावलं नाही. शटर आतून ओढलं. तळहात अजून सुजलेला आहे. सुई तापवून आत उरलेली कपची काढली, तांदळाएवढी. दिव्याखाली धरली, उलटून पाहिली. मग हात धुतला आणि डाव्या हाताने, दातात टोक धरून, पट्टी बांधली.