विहीणबाईंना लेहचं आवतण

पडेगाव,
श्रावणातला दुसरा सोमवार

वेरूळच्या विहीणबाई रत्नमालाबाई यांना पडेगावच्या भागूबाईचा हात जोडून रामराम.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथंच आहेत. श्रावणी सोमवारची तुमच्याकडं गर्दी असेल, दर्शनाला आलेली माणसं तुमच्याच ओट्यावर चपला काढत असतील आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडत असाल, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालते. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. म्हणून पत्र. सांगतेय मी, लिहितेय तुमचीच लेक, तेव्हा अक्षर वाईट दिसलं तर दोष माहेरचा. (सोनिया, हसू नको, लिही.)

कारण असं की माझा इंद्रजीत आणि तुमची सोनिया पुढल्या महिन्यात लेहला निघालेत. लेह म्हणजे पार वर, काश्मीरच्याही पलीकडं, साडेअकरा हजार फुटांवर. तिथं डोंगराच्या अंगावर जुन्या राजाचा नऊ मजली वाडा आहे, खाली गाव, समोर बर्फ. इंद्रजीतनं मोबाइलवर दाखवला आणि माझं ठरलं. जन्मभर देवगिरीचा किल्ला मी रस्त्यावरून मान वर करून बघितला. मरायच्या आधी एकदा तरी वरून खाली बघायचंय. म्हातारीसाठी एक जागा आहे. पण आपल्यात विहिणीला विचारल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकत नाहीत, म्हणून विचारते, येता का? आता रीतीप्रमाणं तुम्ही 'नको बाई, तुम्हीच जाऊन या' म्हणायचं आणि विषय संपला. म्हैसमाळला जाताना तसंच झालं. तुम्ही दोनदा नको म्हणालात, मी तिसऱ्यांदा विचारायच्या आत गाडी निघाली (गाडी इंद्रजीतनं काढली, मी नाही), आणि तुम्ही दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. लई शांततेत गेले ते दिवस.

मनापासून सांगते, तिथलं तुम्हाला मानवायचं नाही. हवाच पातळ. पहिले दोन दिवस नुसतं आडवं पडायचं, बोलायचंसुद्धा कमी, नाहीतर डोकं गरगरतं म्हणे. तुम्ही आणि दोन दिवस गप्प? व्याहीबुवांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते लेहची हवा करणार? चहात साखर नाही, मीठ आणि लोणी घालतात. आणि अंघोळीचं पाणी असं की तांब्या उचलतानाच सगळे देव आठवावेत.

कपड्यांचं तर विचारूच नका. गुलमंडीत गेलो. बाहेर घामाच्या धारा, आणि दुकानदार मला लोकरीची माकडटोपी घालून बघा म्हणतो. घातली. मग हातमोजे. मग अंगाला चिकटणारी गरम विजार, ती म्हणे लुगड्याच्या आत घालायची. आरशात कोण म्हातारी उभी आहे ते कळेना, म्हणून मी तिला रामराम केला. दुकानदार म्हणतो, "अम्मा, फिटिंग एकदम बराबर है." मी म्हणलं, "बाबा, पहले पंखा लगा."

मग सराव. इंद्रजीत म्हणाला, "आई, आधी किल्ला चढून दाखव, मग लेहचं बोलू." गेल्या रविवारी दौलताबादला गेलो. काय सांगू विहीणबाई, मी चढले ते थेट वर बारादरीपर्यंत! अंधारी वाट, डोक्यावर वटवाघळं, पायऱ्या निसरड्या. इंद्रजीत मागं धापा टाकतोय आणि मी आपली पुढं. एका वानरानं माझ्या हातातलं भाजलेलं कणीस हिसकावलं, तर मी त्याच्याकडं असं बघितलं की बिचाऱ्यानं अर्धं परत केलं. (व्हय, अर्धं. लिही.) तेव्हा माझी काळजी नसावी. येताना तुम्हाला वाळवलेले जर्दाळू आणीन.

व्याहीबुवांना नमस्कार, घरातल्या लेकरांना पापा, आणि तुमच्या मांजराला, ते तुमच्यापेक्षा माझ्या मांडीवर जास्त बसतं म्हणून, दोन्ही.

तुमची विहीण,
भागूबाई
(अंगठा माझा, रंग सोनियाच्या लिपस्टिकचा.)

ता. क. सोनियानं पेन खाली ठेवलंय. म्हणते, "आत्या, किल्ल्याचं खरं सांगा, नाहीतर मी पुढं लिहायची नाय." बरं. मी खंदकावरचा पूल ओलांडला आणि अंधारीच्या तोंडाशी बसकण मारली. बारादरीपर्यंत इंद्रजीत गेला. कणीस मात्र खरंच गेलं, आणि सगळं गेलं. तिथं एकटी बसल्या बसल्या वाटलं, शेजारी तुम्ही असता तर दोघींनी मिळून त्या वानराचा उद्धार केला असता. म्हणून दुसऱ्यांदा विचारते, येता का?

ता. क. आणखी एक. जागा एक नाही, दोन आहेत. डॉक्टर मला जा म्हणालेत, तुम्हालाही दाखवून आणू. पण इंद्रजीतनं बजावलंय, "आम्ही फिरायला गेल्यावर तुझ्यापाशी बसायला सोनियाची आई असेल तर चल, नाहीतर घरीच थांब." म्हणजे तुम्ही नको म्हणालात की मी राजाचा वाडा मोबाइलमध्येच बघायचा. पत्र घेऊन तोच आलाय, ओट्यावर उभा असेल. त्याच्या चपलांवरून ओरडून झालं की काय ते सांगा. गुलमंडीतून माकडटोप्या मी दोन आणल्यात, तुमच्यासाठी साखरही बांधून ठेवलीय. दोन दिवस गप्प पडायचं तेवढं तुम्हाला जमणार नाही, पण हवा पातळ असली तरी माझे कान शाबूत आहेत. तर येता का? हे तिसरं विचारणं झालं, आता नको म्हणायची रीत संपली.

विमानात खिडकी मात्र माझी. तुम्ही तीनदा मागितलीत तर बघू.